स्ट्रॉबेरीचा रोग ओळखायचा कसा: आधी क्राऊन चिरा, मग औषधाचं बघा

मराठवाड्यात स्ट्रॉबेरी लावणारे बहुतेक जण रोपं महाबळेश्वर-वाईकडून आणतात, आणि सल्लाही तिकडचाच आणतात. रोपांचं ठीक आहे, पण सल्ला इकडे तसाच्या तसा लागू पडत नाही. तिकडे तांबडी माती, थंड हवा, धुकं. आपल्याकडे पाणी धरून ठेवणारी काळी जमीन, बोअरचं जड पाणी आणि फेब्रुवारीतच चटके देणारी दुपार. तिकडच्या माणसाला रोग म्हटलं की फळावरची राखाडी बुरशी आठवते. आपल्याकडे झाड बसतं ते पुष्कळदा जमिनीतल्या बुरशीने, आणि ती बुरशी स्ट्रॉबेरी यायच्या कितीतरी आधीपासून आपल्या रानात मुक्कामाला आहे.

माझ्या पहिल्या वर्षी वीस गुंठ्यांत हेच झालं. डिसेंबरभर प्लॉट बघणाऱ्याची नजर लागावी असा होता. जानेवारी संपता संपता, फळांचा पहिला मोठा बहर लागल्यावर, झाडांनी दुपारी माना टाकायला सुरुवात केली. सकाळी पुन्हा ताठ, दुपारी पुन्हा खाली. आठवड्याभरात ती सकाळीही उठेनात. औषधाच्या दुकानातून तीन वेळा तीन वेगवेगळ्या आळवण्या, म्हणजे मुळाशी ओतायची औषधं, आणल्या. दुकानदाराने झाड पाहिलं नव्हतं आणि मीही ते आतून पाहिलं नव्हतं. पैसे गेले, झाडंही गेली.

नाव कळल्याशिवाय औषध का घेऊ नये, तेवढं आधी सांगतो. मेटॅलॅक्झिल हे औषध फायटोफ्थोरा या मूळ-क्राऊन कुजवणाऱ्या जिवावर चालतं, पण खऱ्या बुरशीवर त्याचा उपयोग नाही. कारण फायटोफ्थोरा दिसायला बुरशीसारखा असला तरी शास्त्राच्या हिशेबाने तो बुरशी नाहीच, त्याचं कूळ पाणशैवालाच्या जवळचं आहे. उलट कार्बेन्डाझिम काही खऱ्या बुरशींवर चालतं, फायटोफ्थोराला त्याचं काहीच वाटत नाही. फळावर काळे खड्डे पाडणाऱ्या कोलेटोट्रिकम अ‍ॅक्युटॅटम गटालाही ते फारसं लागू पडत नाही. म्हणजे झाड सुकून जाण्याच्या एकाच 'मर'साठी दोन शेजाऱ्यांनी एकच औषध टाकलं, तर एकाचा प्लॉट वाचेल आणि दुसऱ्याचा जाईल, आणि दोघंही भांडतील ते औषधाच्या कंपनीशी.

पहिलं काम: ही बुरशीच आहे का?

सकाळी ऊन चढायच्या आत प्लॉट फिरा. हातात वही, खुरपं आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग असू द्या. चष्म्याच्या किंवा शालेय साहित्याच्या दुकानात भिंग सहज मिळतं. फवारणी झालेली असेल तर ती कधी आणि कशाची, हे वहीत पहिल्या ओळीला लिहा.

बुरशीच्या नावावर खपणाऱ्या चार गोष्टी आपल्याकडे हमखास दिसतात. पानांच्या कडा सगळीकडे सारख्याच करपल्या असतील आणि बेडवर पांढरट क्षार फुटला असेल, तर दोष पाण्याचा. कोवळ्या पानांची फक्त टोकं जळून पान चुरगळलं असेल, तर तिथे कॅल्शियम पोचलेलं नाही. पानं वरून तांबूस-मळकट दिसत असतील तर पान उलटं करून भिंग लावा. बारीक जाळी आणि चालणारे ठिपके दिसले तर ती कोळी नावाची कीड आहे. आणि झाड सुकलंय, हलकं ओढलं तर अलगद हातात येतं, मुळं कुरतडलेली आहेत, तर खाली उकरा. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी सापडली की समजा हुमणी आहे. यातल्या एकालाही बुरशीनाशक लागत नाही.

एक जिवाणूही फसवतो. पानाच्या खालच्या बाजूला शिरांमध्ये अडकलेले, कोनाकोनाचे पाणीदार ठिपके दिसले तर पान उन्हाकडे धरा. ठिपक्यातून उजेड आरपार दिसला, तर तो झँथोमोनासचा कोनीय ठिपका. बुरशीच्या ठिपक्यातून असा उजेड येत नाही.

दुसरं काम: रोग प्लॉटमध्ये कुठे बसलाय?

वहीत बेडांचा कच्चा नकाशा काढा आणि आजारी झाडांवर फुल्या मारा. दहा मिनिटांचं काम आहे, पण निम्मं उत्तर इथेच मिळतं.

फुल्या सखल भागात, पाणी तुंबतं तिथे किंवा नळी गळते तिथे जमल्या, तर संशय फायटोफ्थोरावर. फुल्या बेडच्या शेवटाला, जिथे ड्रिपचं पाणी कमी पडतं तिथे, किंवा मुरमाड, तापणाऱ्या पट्ट्यात दिसल्या, तर संशय मॅक्रोफोमिना या ऊन आणि पाण्याचा ताण मानवणाऱ्या बुरशीवर. ठरावीक ट्रेमधल्या रोपांच्या ओळीच आजारी असतील, तर रोग रोपांबरोबर आला आहे. तिथे कोलेटोट्रिकम आधी शोधा. लागवडीच्या वेळी कुठल्या ट्रेची रोपं कुठल्या बेडवर गेली हे लिहून ठेवणारे फार थोडे. तुम्ही ते लिहा.

पानं: इथे फार वेळ घालवू नका

पानावरचे ठिपके डोळ्यात भरतात, म्हणून नवा माणूस त्यातच अडकतो. खरं म्हणजे पानांवरच्या रोगाने झाड सहसा मरत नाही. जांभळ्या कडेचा, मध्यभागी पांढरट-राखाडी, बाजरीच्या दाण्यापासून ज्वारीच्या दाण्याएवढा गोल ठिपका असेल तर तो मायकोस्फेरेलाचा. जांभळट डाग, कडा वेड्यावाकड्या आणि मध्यभागी पांढरं काहीच नाही, तर तो डिप्लोकार्पनचा करपा. पानाच्या टोकाकडून देठाकडे निमुळता होत गेलेला, पाचरीसारखा तपकिरी डाग असेल तर फोमॉप्सिस.

भुरीसाठी मात्र थांबा, कारण ती आपल्याकडे नेमाने येते. पोडोस्फेरा अ‍ॅफानिस हे तिचं नाव. नवे लोक पानावर पांढरी पावडर शोधत बसतात आणि पावडर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तिची पहिली खूण म्हणजे पानाच्या कडा वर वळतात, पान द्रोणासारखं होतं. ते उलटं केलं की खाली जांभळट-लालसर चट्टे दिसतात, आणि भिंगाखाली कोळ्याच्या जाळ्यासारखे विरळ धागे. बाकीच्या बुरशींना पानावर पाणी साचलेलं हवं असतं. भुरीला तसं पाणी नको, हवेतला ओलावा पुरतो. १५ ते २७ अंश तापमान आणि कोरडं पान तिला मानवतं. म्हणून आपल्याकडच्या कोरड्या दिवस-दमट रात्रीच्या हिवाळ्यात, विशेषतः शेडनेटमध्ये, ती फोफावते.

फळ: ओली पेटी करा

फळावरचा रोग रानात अर्धवट असताना ओळखता येत नाही. तपकिरी मऊ डाग सगळेच सारखे दिसतात. त्यासाठी ओली पेटी लागते, आणि ती घरातच होते.

मिठाईचा किंवा आइस्क्रीमचा झाकणाचा प्लास्टिक डबा साबणाने धुऊन घ्या. तळाला कागदी रुमालाच्या दोन घड्या घालून त्या पाण्याने ओल्या करा. पाणी साचता कामा नये. वर बाटलीची झाकणं उपडी ठेवा आणि त्यांवर फळं अशी ठेवा की ती ओल्या कागदाला आणि एकमेकांना शिवणार नाहीत. फळ निवडताना पूर्ण सडलेलं घेऊ नका, डाग नुकता पडलेला घ्या. आधी नळाच्या पाण्याने धुऊन पुसा. सोबत एक निरोगी फळही ठेवा. झाकण सैल लावून डबा घरात सावलीला ठेवा आणि २४, ४८, ७२ तासांनी भिंगाने बघा. डबा उघडताना तोंड जवळ नेऊ नका, बीजाणू धुळीसारखे उडतात.

पहिल्याच दिवशी लांब पांढरे केस आणि त्यांच्या टोकांवर काळ्या टाचणीच्या डोक्यासारखे ठिपके आले, फळातून रस गळू लागला, तर रायझोपस. तोडणीच्या वेळी फळ दाबलं जातं, खरचटतं, उन्हात क्रेट पडून राहतं, तिथे हा घुसतो. फळ लवकर थंड केलं तर हा थांबतो, ५ अंशांच्या खाली तो जवळजवळ वाढत नाही.

दोन-तीन दिवसांत राखाडी मखमल चढली आणि टिचकी मारल्यावर धूर उडाल्यासारखी भुकटी उडाली, तर बोट्रायटिस सिनेरिया. हिची खोड अशी की ती घुसते फुलात आणि दिसते फळात. फुलाच्या पाकळ्या वाळून देठापाशी चिकटून राहतात, दहिवराने रात्रभर ओल्या राहतात आणि बुरशी तिथून फळाच्या खांद्यात शिरते. म्हणून फळ देठाकडून सडताना दिसलं की बोट्रायटिसचा संशय घ्या आणि वाळक्या पाकळ्याही पेटीत ठेवून बघा.

फळावर गोल, खोलगट, नखाने दाबल्यासारखा तपकिरी-काळा खड्डा आणि पेटीत त्या खड्ड्यात गुलाबीसर नारिंगी, चिकट थेंब आले, केस अजिबात नाहीत, तर कोलेटोट्रिकम. हे थेंब म्हणजेच त्याचे बीजाणू. ते वाऱ्याने जात नाहीत, पावसाच्या किंवा स्प्रिंकलरच्या शिंतोड्याने उडतात. अवकाळीच्या दोन सरी झाल्या की आठवड्याभरात हे खड्डे दिसू लागतात, ते याचमुळे.

फळ घट्टच राहतं, पण चामड्यासारखं चिवट होतं, रंग मळकट जांभळा आणि वास नकोसा, तर फायटोफ्थोरा कॅक्टोरम. असं फळ बहुधा मल्चिंगच्या, म्हणजे बेडवर अंथरलेल्या कागदाच्या, फाटक्या जागी मातीला टेकलेलं सापडतं.

चौथ्या-पाचव्या दिवसानंतर पेटीत हिरवी, काळी, पिवळी अशी हरतऱ्हेची बुरशी उगवेल. तिच्याकडे लक्ष देऊ नका. मेलेल्या फळावर पेनिसिलियम आणि अ‍ॅस्परजिलस येणारच, निरोगी म्हणून ठेवलेल्या फळावरही येतील. ते फळ ठेवायचं कारण हेच. त्याच्यावर जे उगवतं ते पुराव्यात धरायचं नाही. बघून झाल्यावर फळं खड्ड्यात पुरा, बांधावर फेकू नका.

क्राऊन: खरी ओळख इथे होते

मुळं आणि पानं यांच्यामधला ठेंगणा, जाड गड्डा म्हणजे क्राऊन. झाड मान टाकतं तेव्हा त्याची कहाणी या गड्ड्यात लिहिलेली असते.

अर्धवट सुकलेलं झाड निवडा. पूर्ण वाळलेल्या झाडात नंतर आलेले दहा जण घर करून बसलेले असतात. झाड उपटू नका, खुरप्याने मुळांसकट उकरा. बादलीत मुळं हलक्या हाताने धुवा. कटरचं पातं स्पिरिटने पुसा आणि क्राऊन वरून खाली, बरोबर मधोमध चिरा. लगेच बघा, कारण हवा लागली की चिरलेला भाग आपोआप तांबूस व्हायला लागतो. शेजारी एक निरोगी झाडही तसंच चिरून ठेवा. एक चांगलं झाड गेलं म्हणून जीव हळहळतो, मलाही हळहळ वाटते, पण तुलनेला ते लागतंच. निरोगी क्राऊन सोललेल्या बटाट्यासारखा पांढरट आणि करकरीत असतो.

फोडलेल्या सुपारीत पांढऱ्यावर तांबडी-तपकिरी नक्षी असते ना, तशी नक्षी घट्ट क्राऊनमध्ये दिसली तर ते कोलेटोट्रिकम. मग त्याच झाडाच्या रनरवर (जमिनीवर पसरणाऱ्या वेलीवर) आणि पानांच्या देठांवर काळे, लांबट, खोलगट डाग शोधा. सापडले तर संशय पक्का.

क्राऊन वरच्या बाजूने एकसारखा तपकिरी, पाणी मुरल्यासारखा, आणि पानांचा झुबका धरून ओढल्यावर वरचा भाग मोडून हातात येत असेल, तर फायटोफ्थोराकडे बघा. जमीन ओली आहे का, हेही तिथेच बोटाने तपासा.

चिरलेल्या क्राऊनमध्ये कडेने कडं धरल्यासारखा गडद तपकिरी ते नारिंगी-तपकिरी रंग, बाहेरची जुनी पानं आधी वाळलेली, मधली कोवळी पानं काही दिवस हिरवी, मुळं काळपट, आणि हे सगळं नेमकं उन्हं तापल्यावर आणि फळांचा भार आल्यावर सुरू झालेलं. इथे दोन नावं समोर येतात: मॅक्रोफोमिना फेजिओलिना आणि फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम. या दोघांना शेतात उघड्या डोळ्यांनी वेगळं करता येतं असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका, ते काम प्रयोगशाळेचंच. बाहेरची पानं वाळून आतली हिरवी राहण्याची खूण व्हर्टिसिलियमचीही आहे, पण त्याला थंड हवा लागते आणि क्राऊनमध्ये तो रंग कमी दाखवतो.

मी त्या पहिल्या वर्षी क्राऊन चिरून ओट्यावर मांडून बसलो होतो, तेव्हा शेजारचे आबा आले. मी वाळून कोळ झालेला एक क्राऊन घेतला, त्याची साल नखाने सोलली आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"अरे, ही तर धाटातली मिरपूड," ते म्हणाले. "या रानात आधी काय होतं?"

"खरिपात सोयाबीन. त्याच्या आधीच्या रब्बीत ज्वारी."

"मग खडखड्याच आहे हा. ज्वारी पोटऱ्यात आली नि पाणी तुटलं की धाट आतून पोकळ होतं, चिरलं की धाग्यांवर अशीच काळी पूड."

आबांनी मॅक्रोफोमिना हे नाव कधी ऐकलेलं नव्हतं, पण ओळख अचूक होती. पुढे तपासणीतही तेच निघालं. ज्वारीचा खडखड्या, सोयाबीनची आणि तिळाची कोळशी मूळकूज, हरभऱ्याची कोरडी मूळकूज ही सगळी एकाच बुरशीची कामं. पाचशेहून अधिक जातींच्या वनस्पतींवर ती जगते. त्या काळ्या ठिपक्यांच्या रूपात ती मातीत वर्षानुवर्षं तग धरते, आणि ३० ते ३५ अंशांची ऊब अधिक पाण्याचा ताण मिळाला की जागी होते. मराठवाड्याचा पीकफेरा पाहिला तर तिला इथे उपाशी राहायची वेळच येत नाही.

फ्युजेरियमची गोष्ट उलटी आहे. तुरीची मर, हरभऱ्याची मर आणि स्ट्रॉबेरीची मर या एकाच कुळातल्या बुरशी, पण प्रत्येकीचं पीक ठरलेलं. तुरीला मारणारी बुरशी स्ट्रॉबेरीला मारत नाही. म्हणून तुरीच्या रानात स्ट्रॉबेरी मेली की लगेच "तुरीचीच मर लागली" म्हणू नका. स्ट्रॉबेरीचं फ्युजेरियम बहुधा रोपांतून किंवा त्यांच्या मुळांच्या मातीतून येतं.

सूक्ष्मदर्शक मिळाला तर

गावातल्या शाळेत किंवा कॉलेजात मिळतो, विचारून बघा. पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा पेटीतल्या बुरशीवर हलके टेकवा आणि काचेवरच्या पाण्याच्या थेंबावर चिकटवा. ४०० पट मोठं करून पाहा. बोट्रायटिस झाडाच्या फांद्यांना द्राक्षांचे घड लागावेत तसा दिसतो, त्याचं नावच ग्रीक भाषेतल्या द्राक्षघडावरून पडलं आहे. भुरीचे बीजाणू माळेत ओवल्यासारखे. फ्युजेरियमचे मोठे बीजाणू विळ्याच्या आकाराचे. कोलेटोट्रिकममध्ये दोन गट: दोन्ही टोकं निमुळती, चातीसारखी असतील तर अ‍ॅक्युटॅटम, दोन्ही टोकं गोलसर, कॅप्सूलसारखी असतील तर ग्लिओस्पोरिऑइड्स. पहिला गट जास्त करून फळावर, दुसरा जास्त करून क्राऊनमध्ये. फायटोफ्थोराच्या पिशव्या लिंबाच्या आकाराच्या असतात, पण नवख्याला त्या सहसा सापडत नाहीत.

नमुना तपासणीला पाठवताना

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्र विभाग आहे, आणि जिल्ह्याजिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रं आहेत. आधी फोन करून नमुना कधी आणि कसा आणायचा ते विचारा. नमुना खराब झाला तर तपासणारा काही करू शकत नाही, आणि बहुतेक नमुने वाटेतच खराब होतात.

आळवणी करायच्या आधी नमुना घ्या. तीन ते पाच झाडं घ्या: एक-दोन नुकती सुकायला लागलेली, एक-दोन अर्धी गेलेली, एक निरोगी. मुळांभोवतीची माती राहू द्या, मुळांचा भाग छोट्या पिशवीत घालून देठाशी बांधा म्हणजे माती पानांवर सांडणार नाही. मग पूर्ण झाड कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळा. ओल्या प्लास्टिकमध्ये घातलेला नमुना दुसऱ्या दिवशी लगदा होतो. उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका. सोबत चिठ्ठी द्या: जात, लागवडीची तारीख, रोपं कुठून आणली, आधीची दोन पिकं, पाणी कसं देता, काय काय फवारलं, आणि तुमचा फुल्यांचा नकाशा.

प्रयोगशाळेत आजारी आणि निरोगी भागाच्या सीमेवरचा तीन-चार मिलिमीटरचा तुकडा कापतात, सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवून वरची घाण मारतात आणि बटाटा-डेक्स्ट्रोज आगरच्या (बुरशी वाढवायच्या खाद्याच्या) बशीत ठेवतात. मॅक्रोफोमिना काही दिवसांत बशी काळी करतो, फ्युजेरियम पांढरा-गुलाबी-जांभळट कापूस वाढवतो. अहवालात नुसतं 'फ्युजेरियम' लिहिलं असेल तर थांबा. मेलेल्या मुळांवर जगणारं निरुपद्रवी फ्युजेरियमही भरपूर असतं. तुकडा सीमेवरून घेतला होता का, किती तुकड्यांत तेच उगवलं, आणि निरोगी रोपाला लावून तोच रोग परत आला का, हे नम्रपणे विचारा. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण तसं करून पाहिल्याशिवाय कुठल्याही बुरशीवर आरोप सिद्ध होत नाही.

आणि लागवडीच्या आधी, सप्टेंबरात

रोपातला कोलेटोट्रिकम बाहेरून दिसत नाही, रोप हिरवंगार असतानाही तो देठात लपून बसतो. त्याला बाहेर काढायची एक सोपी युक्ती आहे. प्रत्येक खेपेतल्या पंधरा-वीस रोपांचा एकेक जुना पानदेठ कापा, धुवा, पातळ केलेल्या ब्लीचमध्ये अर्धा मिनिट बुडवून तीनदा स्वच्छ पाण्याने खळबळा, आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. गोठल्याने देठ मरतो, आणि त्यात दडलेली बुरशी मोकळी सुटते. सकाळी देठ ओल्या पेटीत ठेवा आणि आठवडाभर रोज भिंगाने बघा. तोवर रोपं सावलीत ट्रेमध्येच राहू द्या.

गेल्या हंगामात माझ्या पेटीत सहाव्या दिवशी दोन देठांवर मोहरीपेक्षाही लहान, ओलसर नारिंगी थेंब आले. त्या खेपेतलं एकही रोप मी लावलं नाही.